पाय कोठे शेतस ते दख

गेली काही वर्षं मी नोकरभरतीच्या परीक्षांसाठी प्रश्न काढते. एक परिच्छेद द्यायचा, त्यात कुणीतरी काहीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं, आणि खाली चार विधानं. त्यांतल्या कोणत्या विधानाने वरचा युक्तिवाद सर्वांत जास्त लंगडा पडतो, ते उमेदवाराने ओळखायचं. मुलं यासाठी शिकवण्या लावतात, जाडजूड पुस्तकं घेतात. बाई, तुम्ही हे कुठे शिकलात, असं कुणी विचारलं तर मी पुण्यातल्या एका प्रशिक्षणाचं नाव सांगते, कारण त्याचा कागद माझ्याकडे आहे. खरं म्हणजे मी हे खान्देशात रनाळ्याहून तासभर पायी असलेल्या आमच्या गावात, घराच्या धाब्यावर बसून, वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कावळ्यांपासून राखताना शिकले. शिकवणारी माझी फुई होती. तिला सही येत नव्हती.

फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली ती आलीच. का आली, असं विचारलं तर ती दर वेळी वेगळं कारण सांगायची, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं असायचं. घरात वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, माय, फुई, मी, आणि दोन धाकटे भाऊ, ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन नंदुरबारच्या बाजूला गेली होती. नाना कापूस आणि मिरची लावायचे. मिरची वाळायच्या दिवसांत अंगण लाल आणि सगळ्यांचे डोळेही लाल. आमच्या घरातले वाद त्यामुळे शिंकांच्या मधल्या मोकळ्या जागेत चालत. ज्याला आधी शिंक आली तो हरला, असं कित्येकदा झालेलं आहे.

बिबडे करायच्या दिवशी गल्लीतल्या बायका पहाटेपासून आमच्याकडे जमायच्या. ज्वारीचं आंबवलेलं पीठ मोठ्या हंड्यात रटरटत असायचं, त्यात लाकडी दांडा धपधप फिरायचा, आणि आम्ही पोरं गरम घाट्यावर तेल आणि तिखट घालून बोटं भाजत खायचो. मग जुन्या लुगड्यांवर बिबडे थापायचे. हात कामात, तोंडं मोकळी. अशाच एका सकाळी शेजारची येसूमावशी सांगत होती की तिच्या नव्या सुनेचा पायगुण वाईट, घरात आली आणि दुभती म्हैस आटली. बायकांनी माना डोलावल्या. फुईने हातातला गोळा थापता थापता विचारलं, "सून कव्हय उनी तुन्ही?"

"माघमा."

"आन म्हैस कव्हय आटनी?"

येसूमावशीने बोटांवर महिने मोजले. "पौषमा."

"मंग म्हशीना पायगुन सूनले लागना म्हन की वं," फुई म्हणाली, आणि पुढचा बिबडा थापला. बायका एवढ्या हसल्या की हंड्यातलं पीठ खाली लागलं. येसूमावशी त्या दिवशी न जेवता घरी गेली. पण सुनेच्या पायगुणाची गोष्ट पुन्हा गावात ऐकू आली नाही. हा प्रश्न मी म्हशीच्या जागी कारखाना आणि सुनेच्या जागी नवा व्यवस्थापक घालून तीन परीक्षांना दिला आहे. निम्मे उमेदवार अजून चुकतात.

मला ही विद्या भलतीच आवडली. मास्तरांच्या, भटजींच्या, बाजारात गूळ विकणाऱ्याच्या बोलण्यातली भोकं मी शोधू लागले, आणि सापडली की लगेच सांगू लागले. फुईने मला शोधायला शिकवलं होतं. कधी सांगायचं नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

त्या दसऱ्याला अक्का आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, आमच्याकडे आले. दाजी दिसायला रुबाबदार, पांढरेशुभ्र कपडे, खिशाला पेन. ते मॅट्रिकला दोनदा बसले होते आणि दोनदा नापास झाले होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. लग्नात त्यांची ओळख "मॅट्रिकपर्यंत शिकेल", म्हणजे शिकलेले, अशी करून देण्यात आली होती, आणि त्या "पर्यंत"वर नानांचा मोठा जीव होता. आमच्याकडे जावई पाटावर बसला की तो बोलेल ते खरं. उठला की मग बघू. त्या दिवशी पाटावर बसून दाजी सांगत होते, "नाना, हाई बठ्ठं पुणावालासनं काम शे. पेपर तपासनारा खान्देशना पोर दखना का लाल पेन काढस."

नाना म्हणाले, "बराबर शे."

मी तांब्या घेऊन पाणी वाढत होते. म्हटलं, "दाजी, पेपरवर ते नुसता नंबर ऱ्हास. पोर खान्देशना शे, हाई त्यासले कसं समजस?"

दाजींनी हातातला घास ताटात ठेवला. मायला उगाच खोकला आला. नानांनी मला गोठ्यात वैरण टाकायला पाठवलं. ती सकाळीच टाकून झाली होती. त्या दिवाळीला अक्काला माहेरी पाठवलं नाही. तिच्या सासरहून निरोप आला की शेतात काम फार आहे. पहिल्या दिवाळसणानंतरची ती पहिलीच दिवाळी. मायने अक्कासाठी बांधून ठेवलेला फराळ आम्हीच संपवला, आणि एकाही करंजीला चव नव्हती असं म्हणावं तर तेही खरं नाही. करंज्या चांगल्या झाल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी सातवीची फायनल दिली. गावात शाळा तेवढीच. जूनमध्ये नंदुरबारच्या हायस्कुलात आठवीला नाव घालायचं, तिथे मामाकडे राहायचं, असं मी आणि मायने ठरवलं होतं. मामा एका जिनमध्ये कापूस तोलायच्या कामावर होता आणि त्याने हो म्हणून कळवलंही होतं. नाना नाही म्हणाले. नाव घातलं नाही तर पुढे काय, हे मला स्वच्छ माहीत होतं. माझ्याबरोबर फायनल दिलेल्या दोन मुलींच्या सुपाऱ्या फुटल्या होत्या, आणि नानांकडे प्रकाशा गावाकडचा एक मध्यस्थ दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता.

मी कंबर कसली. नाना म्हणाले, "नंदुरबारनं पानी वाईट शे." मी म्हटलं, मामाची पाच पोरं तेच पाणी पितात आणि लग्नकार्यात सगळ्यांत जास्त तीच खातात. नाना म्हणाले, शिकलेल्या पोरीला स्वयंपाक येत नाही. मी म्हटलं, हेडमास्तरांची बायको मॅट्रिक आहे आणि तिच्या हातचे खापरावरचे मांडे तुम्ही शिमग्याला चार खाल्ले, पाचव्याला नाही म्हणालात ते मायने डोळे वटारले म्हणून. नानांनी मग ठेवणीतलं काढलं. गावातल्या गंगूचं ठरलेलं लग्न मोडलं ते ती नंदुरबारला शिकायला गेली म्हणून. मी म्हटलं, "नाना, लगीन पोळाले मोडनं. गंगू नंदुरबारले गयी त्याना पुढना जूनमा. लगीन मोडनं म्हनीसन ती शिकाले गयी." त्यांना पटलं होतं, हे दिसत होतं. ते उठले, डोक्याला फेटा गुंडाळला, म्हणाले, "तरी बी नही," आणि मिरच्या बघायला गेले.

हे आठवडाभर चाललं. रोज एक कारण यायचं, रोज मी ते उताणं पाडायचे, आणि रोज संध्याकाळी "नाही" जागच्या जागी. माझ्या प्रश्नपत्रिकांत युक्तिवाद कोसळला की प्रश्न संपतो. घरात तो तिथे सुरू होतो, हे मला तेराव्या वर्षी कळायला हवं होतं. मी चिडून फुईकडे गेले. ती धाब्यावर बिबडे उलटत होती.

"बठ्ठा कारनं खोटा पाडात मी. तरी नही म्हनतस."

"तू तोंडले उत्तर देस," फुई म्हणाली. "मानूस तोंडवर उभा ऱ्हास का? पाय कोठे शेतस ते दख."

"कोन्हा पाय?"

"तुन्हा बापना. आते ऊठ, तठे कावळा उना."

बापाचे पाय कुठे आहेत ते बघ, यापलीकडे तिने काही सांगितलं नाही. तिला कारण माहीत होतं, अशी माझी आज खात्री आहे. पण ते तोंडाने बोलायचं कारण नव्हतं, आणि असली कारणं फुईसुद्धा बोलत नसे.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, घरोघरी पुरण आणि आमरस, आणि पुरुषांना त्या दिवशी पत्ते खेळायला मुभा. अक्काला चार दिवसांसाठी पाठवलं होतं. दाजी सणाच्या दिवशी जेवून तिला घेऊन जाणार होते. झोक्यावर माझ्या शेजारी बसून अक्का म्हणाली, "सुमी, तुन्हा पाय पडस. आज तोंड उघडू नको. दिवाईले काय व्हयनं, माहीत शे ना?"

"दाजी इतला राग धरतस?"

"तो नही धरस. तो दोन दिन जेवना नही, बस. राग मन्ही सासू धरस." आणि तिने झोक्याला असा जोर दिला की मला दोरी धरावी लागली.

संध्याकाळी उन्हं उतरताना गौराई घेऊन आम्ही सगळ्या नदीवर गेलो. त्या दिवसांत नदी म्हणजे वाळू आणि मध्ये म्हशी बसतील एवढं डबकं. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी त्यांची गौराई घेऊन यायच्या. त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या दोघीतिघी आज माझ्याकडे शिकतात. गौराई बोळवायच्या आधी दोन्ही काठांवरून एकमेकींना शिव्या आणि टोमणे द्यायचे, ही रीत. मेलेल्या माणसावर बोलायचं नाही, पोटातल्या पोरावर बोलायचं नाही. बाकी सगळं मोकळं. टोला आला की त्याचं हसू ओसरायच्या आत उत्तर गेलं पाहिजे, नाहीतर तो लागला असं समजायचं. आमच्या काठावर फुई मागे उभी राहून उत्तरं पुरवायची. लिंबाखाली गावातले पुरुष पत्ते खेळत बसलेले. त्यांचं लक्ष पत्त्यांकडे आहे असं ते दाखवायचे. त्यांत नाना होते, आणि नानांच्या शेजारी, पांढऱ्या कपड्यांत, दाजी.

पलीकडे द्वारकी नावाची माझ्याच वयाची मुलगी पुढे होती. आवाज घोगरा, पण वाळूवरून सरळ येऊन आपटायचा.

"तुम्हना गावना बैल दखा वं! जोखडनी सावलीमा मावतस!"

अक्काला दिलेला शब्द बैलांबाबत नव्हता, असं मी ठरवलं. "मंग पेरनीले तुम्हना मानसं त्याच बैल मांगाले काबर येतस?"

आमच्या काठाने आरोळी ठोकली. असे पाचसहा टोले गेले आले. मग द्वारकीने मागे वळून कुणाशी तरी कुजबुज केली, पुढे आली, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "शिकेल जवाई, शिकेल जवाई! दोनदाव मॅट्रिकले बठना, दोनदाव हात हालवत उना!"

पलीकडचं हसू आलं. मी लिंबाकडे पाहिलं. दाजींनी हातातली पानं छातीशी धरली होती आणि ते त्या पानांकडे असं बघत होते, जणू त्यांवर काही लिहिलेलं आहे. आणि नाना! नानांची मान खाली गेली होती, फेट्याचा शेमला पुढे आला होता. वर्षभर जे कुणी बोललं नव्हतं ते नदीभर झालं होतं. तेव्हा मला नानांचे पाय दिसले. पाणी नाही, मांडे नाहीत, गंगू नाही. धाकटी मेहुणी मॅट्रिक झाली तर दोनदा नापास झालेल्या जावयाने तिच्या हातून पाण्याचा तांब्या कसा घ्यायचा, आणि मग अक्काला कुठल्या दिवाळीला माहेर दिसायचं, यावर नाना उभे होते. हे कारण मला सांगायचं म्हणजे जावई नापास आहे असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. म्हणून बिचारे रोज नवं खोटं कारण शोधून आणत होते, आणि मी ते मोडून त्यांच्या हातात देत होते.

अक्काने माझा दंड धरला होता. पलीकडचं हसू ओसरायला लागलं होतं. मी दंड सोडवला.

"आम्हना जवाई दोनदाव बठना!" मी ओरडले. "तुम्हना गावमा एकदाव कोन बठना, त्यानं नाव सांग! वावरमा जो गयाच नही, त्याना पायले काटा कसा लागी?"

द्वारकीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग आमच्या काठावर जो गदारोळ उठला, त्यात गौराई बोळवायचं कुणाला सुचेना. लिंबाखालून कुणीतरी शिट्टी मारली. पाहिलं तर दाजी उभे राहिले होते, फेटा नीट करत होते.

रात्रीच्या जेवणाला दाजी पाटावर बसले ते मामलेदारासारखे. दुसरी पुरणपोळी मोडताना म्हणाले, "नाना, मॅट्रिक काय सोपी शे का? जो बठना त्यालेच माहीत. दोनदाव बठाले छाती लागस."

"बराबर शे," नाना म्हणाले.

"सुमीले धाडा नंदुरबारले. पोर हुशार शे. मन्हा पुस्तकं पडेल शेतस, बीजगनित, भूमिती, बठ्ठा. काय अडनं ते मी शे."

नानांनी आमरसाची वाटी खाली ठेवली. चेहरा असा केला की जणू हे त्यांना या क्षणीच सुचलं असतं, पण जावयाने आधी म्हटलं. "जवाईनी सांगं, मंग माले नही कसं म्हनता ई?" दुसऱ्या दिवशी गावभर हेच झालं. जावयाचा आग्रह, नाना काय करतील!

सकाळी मी धाब्यावर गेले. कौतुक होईल अशी अपेक्षा होती. फुईने विचारलं, "द्वारकीना मोठा भाऊ मॅट्रिक पास शे. पहिलाच दावले. इसरनी का तू?"

"नही."

"मंग?"

"तो सुरतले जाईसन दुसरा जातनी बाई करी बठना. त्याना घरमा त्यानं नाव लेतस नही. ती नाव सांगाव नही, माले माहीत व्हतं."

फुईने उलटायचा बिबडा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "खोटं व्हतं ते. पन तुन्हा बापले उभं ऱ्हावाले जागा व्हयनी." एवढं म्हणून ती कामाला लागली. तिने मला शाबासकी दिली की नाही, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही.

द्वारकी मला पुढे कितीतरी वर्षांनी नंदुरबारच्या स्टँडवर भेटली. दोन पिशव्या, एक नातू. पोराबाळांची चौकशी झाली. नवापूरची गाडी लागली तशी ती उठली आणि एकदम म्हणाली, "त्या दिन तुले माहीत व्हतं ना वं? मन्हा भाऊनं?" मी हो म्हटलं. "माले वाटनंच व्हतं," ती म्हणाली, आणि नातवाला आधी वर चढवून स्वतः चढली. तिला सातवीनंतर कुणी पाठवलं नव्हतं. तिच्यासाठी कुणाच्या जावयाने आग्रह केला नव्हता, आणि ज्या भावाने केला असता त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. खिडकीतून तिने हात केला. मीही केला.

जूनमध्ये मी नंदुरबारला गेले. पाणी खरंच वाईट होतं. पहिला महिना पोट धरून बसले होते, पण घरी कळवलं नाही. दाजींची पुस्तकं बरोबर होती. बीजगणिताच्या पुस्तकात त्रेचाळिसाव्या पानापर्यंत पेन्सिलच्या खुणा, रेघा, "महत्त्वाचे" असे शेरे. चव्वेचाळिसाव्यापासून पुस्तक कोरं करकरीत, काही पानं एकमेकांना चिकटलेली. ती मी चुलीवरच्या भांड्याच्या वाफेवर धरून सोडवली आणि पुढचा भाग माझा मीच केला. हे मी अक्कालाही कधी सांगितलं नाही. त्या दिवाळीला अक्का आठ दिवस माहेरी राहिली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळीला.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मी गावी होते. दाजी नंदुरबारहून पेढ्यांचे पुडे घेऊन आले, आणि ओट्यावर उभं राहून येणाऱ्या जाणाऱ्याला वाटू लागले. "मन्हा पुस्तकंवर पास व्हयनी," ते सांगत होते. "पुस्तकं कोन्हा? मन्हा. मंग मॅट्रिक पास कोन व्हयना? सांगा!" नाना शेजारी उभे राहून बराबर शे, बराबर शे म्हणत होते.

त्या युक्तिवादात मला उभ्या उभ्या तीन भोकं दिसली. समोर फुई बसली होती. चौथं तिला दिसलं असणार. तिने माझ्याकडे पाहिलं. अक्काने पुडा पुढे केला आणि डोळ्यांनी काही विचारलं नाही, नुसती वाट बघत राहिली. मी पेढा घेतला आणि तोंडात टाकला, अख्खा.